विशेष भागावर रुसण्याआधी

मने, तुझा तो लांबलचक आवाजी निरोप ऐकला. 'डॉक्टर हू'चा 'द गिगल' बघून डोकं फिरलंय हे पहिल्याच वाक्यात कळलं. डॉक्टर आता जाणार, त्याचा चेहरा बदलणार म्हणून तू रडायच्या तयारीने बसलीस, आणि त्यांनी त्याला जाऊच दिलं नाही! त्याच्या दोघी सोबतिणींनी दोन हात धरून ओढला नि एकाचे दोन डॉक्टर केले. जुना डेव्हिड टेनंट शिल्लक आणि शेजारी नवा शूटी गॅटवा, तोही बिचारा पँटशिवाय. "साठाव्या वाढदिवसाला असली फसवणूक?" म्हणतेस. रुसायला हरकत नाही गं. 'डॉक्टर हू'वर रुसला नाही असा चाहता मला अजून भेटलेला नाही. पण तो भाग कशासाठी केलाय, ते ओळखून रुस.

विशेष भागांची सुरुवातच बघ. 2005 मध्ये मालिका नव्याने सुरू झाली आणि त्याच वर्षी नाताळचा पहिला विशेष भाग आला, 'द ख्रिसमस इन्व्हेजन'. नाताळच्या संध्याकाळी ब्रिटनमधल्या घरात कोण कोण बसलेलं असतं ते डोळ्यांसमोर आण. आजी, कंटाळलेला काका, वर्षभर एकही भाग न पाहिलेली चुलत भावंडं. त्या सगळ्यांना धरून ठेवायचं म्हणून मग सांताच्या वेषातले यंत्रमानव आणि माणसांवर धावून येणारं नाताळचं झाड. लग्नाच्या पंगतीत बसून आईच्या हातच्या आमटीची चव शोधायची नसते. तरी त्यातली हिंमत बघ ना! टेनंटचा हा पहिला पूर्ण भाग, सगळा देश नवा डॉक्टर बघायला टपलेला, आणि मालिकेचा लेखक रसेल टी डेव्हिसने त्याला बराच वेळ पायजम्यात झोपवून ठेवला. तो उठेपर्यंत आपण त्याच्या सोबतिणीइतके, रोझइतकेच हवालदिल.

आता म्हणशील, म्हणजे विशेष भाग हलकेफुलकेच असायचे का? छे! 'द वॉटर्स ऑफ मार्स' बघ, नोव्हेंबर 2009 चा. साल 2059, मंगळावरचा पहिला तळ. तिथली माणसं त्याच दिवशी मरणार हे डॉक्टरला ठाऊक आहे आणि त्याने मध्ये पडायचं नाही, हा नियम आहे. तो निघतोही. पाठीमागून त्यांचे आवाज त्याच्या कानावर पडत राहतात, आणि तो परत फिरतो. तिघांना वाचवतो आणि मग असा काही माजतो की त्याची भीतीच वाटते. तळाची प्रमुख ॲडलेड ब्रुक त्याच्या तोंडावर सांगते की हे चुकलं, आणि स्वतःचा जीव देऊन इतिहास जागच्या जागी आणते. मालिकेतला माझा सगळ्यात आवडता तास. पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुसऱ्या दिवशीही कुणाशी धड बोलता येईना.

त्याच्या पुढचा 'द एंड ऑफ टाइम' मात्र तुला आवडतो तेवढा मला आवडत नाही. रागवलीस तरी चालेल. डोनाचा आजोबा विल्फ्रेड मॉट काचेच्या खोलीत अडकतो आणि डॉक्टरच्या मरणाची खूण असलेल्या चार टकटका होतात, तिथवर अंगावर काटा येतो. त्यानंतर डॉक्टर एकेकाच्या दारी जाऊन निरोप घेत हिंडतो ते मला फार लांबलं. टेनंटला जायचं नव्हतं, डेव्हिसला त्याला सोडायचं नव्हतं, आणि आपण मधल्यामधे ताटकळत.

पण आता हेच धरून 'द गिगल'कडे बघ. 2010 च्या पहिल्या दिवशी जो डॉक्टर अगदी नको-नको म्हणत गेला, त्याच चेहऱ्याच्या माणसाला 2023 मध्ये थांबायची परवानगी मिळते. त्याच्या सोबतिणीच्या, डोनाच्या घरच्यांबरोबर बागेत बसून जेवायचं, बस्स! कायम पळत राहिलेल्या माणसाला याहून मोठं बक्षीस काय द्यायचं? तुला मरण हवं होतं, कारण मरणाला वजन असतं. मला ते जेवण पुरलं. तुझी एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. यात गॅटवाचं आगमन अर्धं झालं. ज्या क्षणी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर हव्या होत्या, त्या क्षणी त्याला जागा वाटून घ्यावी लागली.

दुसरं सांगते, भाग बघण्याआधी अंदाजांच्या गावाला जाऊ नकोस. 'द गिगल'च्या आधीच्या 'वाइल्ड ब्लू यॉन्डर'बद्दल आधी काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून लोकांनी त्यात जुने डॉक्टर येणार असं परस्पर ठरवून टाकलं. प्रत्यक्षात काय, तर एक रिकामं अवाढव्य यान, डोना, डॉक्टर आणि त्यांचेच चेहरे घेतलेले दोन भयंकर जीव. साठाव्या वाढदिवसाच्या तीन भागांतला हा सगळ्यात धीट, आणि कित्येकजण त्यात नसलेल्या पाहुण्यांची वाट बघत बसले! शेवटी चाकाच्या खुर्चीत विल्फ्रेड दिसतो. त्याचं काम करणारे बर्नार्ड क्रिबिन्स 2022 च्या जुलैत गेले, म्हणजे आपण बघितलं तेव्हा ते नव्हते. 1966 मध्ये डालेकांच्या सिनेमातही होता हा माणूस. मी तिथे रडले, आणि रडायला आधी बसलेही नव्हते.

रुसवे किती टिकतात ते माहीत आहे? 1983 मध्ये विसाव्या वाढदिवसाला 'द फाइव्ह डॉक्टर्स' केला, आणि चौथा डॉक्टर टॉम बेकर आलाच नाही. मग 'शाडा' या अर्धवट राहिलेल्या कथेतली त्याची दृश्यं लावली आणि प्रसिद्धीच्या फोटोत त्याचा मेणाचा पुतळा उभा केला! पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल तर 1975 मध्येच वारलेला. त्याच्या जागी रिचर्ड हर्न्डल. लोक त्या पुतळ्यावरून वर्षानुवर्षं कुरकुरले. आणि तीस वर्षांनी, 23 नोव्हेंबर 2013 ला, 94 देशांत एकाच वेळी दाखवलेल्या 'द डे ऑफ द डॉक्टर'मध्ये कलादालनाचा म्हातारा क्युरेटर म्हणून तोच टॉम बेकर समोर आला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. अशा वेळी किंचाळायची सोय नसते, उशी तोंडात धरावी लागते.

म्हणून म्हणते, भाग संपला की लगेच कुणाचं मत वाचू नकोस, माझंसुद्धा नाही. आधी तुझं तुला काय वाटलं ते वहीत उतरव, शिव्यांसकट. महिन्याने पुन्हा बघ. तेव्हाही तो वाईटच वाटला तर वाईटच आहे, कुणी कितीही समजावलं तरी.

बरं, 'द डे ऑफ द डॉक्टर' तू अजून बघितलेला नाहीस ना? मग त्याआधी 'द नाइट ऑफ द डॉक्टर' बघ. सातेक मिनिटांचाच आहे. 1996 च्या त्याच्या एकुलत्या टीव्ही-सिनेमानंतर पॉल मॅकगॅन पडद्यावर पुन्हा डॉक्टर म्हणून पहिल्यांदा दिसतो तो इथे, आणि काय दिसतो! 'द डे ऑफ द डॉक्टर'मधला जॉन हर्टचा डॉक्टर आला कुठून, हेही त्यात कळेल. रविवारी दोन्ही ओळीने लाव, आईला जेवण लवकर आटपायला सांग, आणि मला फोन सोमवारी कर. रविवारी रात्री केलास तर उचलणार नाही.