सशाच्या पिलास स्वच्छतेची सवय
(इयत्ता ३ री व ४ थी : परिसर अभ्यास)



अंजनगाव सुर्जी तालुक्यातील काही शाळांत मुलांनी हौसेने पांढरे ससे पाळल्याचे भेटींच्या वेळी पाहण्यात येते. पिलू आले की पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात लेंड्या दिसू लागतात, लघवीचा उग्र वास सुटतो, आणि 'हे जनावर घाणेरडे' असा निकाल देऊन पिंजरा मागच्या भिंतीशी नेऊन ठेवला जातो. हा निकाल चुकीचा आहे. ससा स्वभावतःच स्वच्छ प्राणी आहे. त्याची सवय आपण ओळखत नाही, एवढाच काय तो दोष. प्रस्तुत लेख म्हणजे ससा पाळण्याचा आदेश नव्हे. ज्या शाळेत तो आहे, तेथे त्यापासून कोणता पाठ घेता येईल, याचे हे टिपण होय.

पाठाचा उद्देश

(१) प्राण्याची नैसर्गिक सवय निरीक्षणाने ओळखणे. (२) शिक्षेवाचून, योग्य मांडणीने सवय लावता येते याचा प्रत्यय घेणे. (३) नित्य सफाईचे काम आळीपाळीने, आनंदाने करणे.

शिक्षकासाठी माहिती

आपल्या शेतशिवारात दिसणारा करडा-तपकिरी ससा आणि हा पांढरा पाळीव ससा या दोन भिन्न जाती आहेत. शेतातला ससा बीळ करीत नाही. झुडपाच्या वा गवताच्या आडोशाला उघड्यावरच बसतो. त्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून त्याची पिले धरून शाळेत आणू नयेत, हे मुलांस स्पष्ट सांगावे. पाळीव ससा मात्र युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशांपासून निपजला आहे. बिळात कळपाने राहणाऱ्या प्राण्याने राहती जागा घाण केली तर त्याचा निभाव लागणार नाही. म्हणून हे ससे लेंड्या टाकण्यासाठी ठरावीक जागा राखतात. पिंजऱ्यातील पिलूही बहुधा एकच कोपरा निवडते. आपले सारे शिक्षण या एका गोष्टीवर उभे करावयाचे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. यास्तव चारा आणि विसर्जनाची पेटी शेजारी शेजारी असावीत. आपल्याला हे विपरीत वाटेल. सशाला ते सोयीचे असते.

तिसरी गोष्ट : कोरड्या, गोल लेंड्यांखेरीज ससा द्राक्षाच्या चिमुकल्या घडासारख्या मऊ लेंड्याही टाकतो व त्या लगेच खातो. मुले पाहून नाक मुरडतील. त्यांस सांगावे की, एकदा पचनात न आलेले पोषण दुसऱ्या वेळी मिळविण्याची ही त्याची रीत आहे. गाय रवंथ करते, तसाच हा प्रकार. त्यात अडथळा आणू नये.

पूर्वज्ञान व प्रस्तावना

'तुमच्या घरची मांजर कोठे जाते? नंतर ती माती का उकरते?' या प्रश्नांनी आरंभ करावा. मग पिंजरा दाखवून विचारावे : 'या पिलाने कोणता कोपरा पसंत केला आहे?' उत्तर आपण देऊ नये. दोन दिवस मुलांस पाहू द्यावे.

प्रत्यक्ष कृती

पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून वेगळे करू नये. आरंभी त्यास लहान जागेतच ठेवावे. सगळा वर्ग मोकळा सोडल्यास त्याला आपला कोपरा सापडत नाही.

मुलांनी कोपरा ओळखला की तेथे सुमारे दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि चार बोटे उंचीची पेटी ठेवावी. प्लास्टिकचा उथळ टबही चालतो. तळाशी जुन्या वर्तमानपत्रांचे तीन-चार थर द्यावेत व वर कोरडे गवत पसरावे. चीड-देवदाराचा भुसा वापरू नये. त्याच्या वासाने व धुळीने सशाच्या श्वासास बाधा होते. भिजून गोळा होणारी मांजराची तयार वाळूही नको; ती पोटात गेल्यास आतड्यात अडकते.

बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून पेटीतच टाकाव्यात. लघवी टिपलेला कागदाचा तुकडाही तेथे ठेवावा; त्या वासाने पिलास जागा कळते. बाहेरची जागा मात्र व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसावी, म्हणजे वास व पांढरा डाग दोन्ही जातात. पेटीच्या कडेलाच चारा लावावा. पिलू दुसराच कोपरा धरून बसले, तर आपण हट्ट न धरता पेटी तिकडे न्यावी.

पेटी रोज बदलावी. साचलेल्या लघवीतून निघणारा अमोनिया सशाचे डोळे व फुप्फुसे बिघडवितो, मुलांनाही त्रास देतो. लेंड्या व भिजलेले गवत शाळेच्या परसबागेतील खतखड्ड्यात जावे. काम झाल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

चार ते सहा महिन्यांच्या वयात शिकलेला ससाही पुन्हा इकडे तिकडे लघवी करू लागतो. तो विसरला असे नव्हे. वयात आल्याने तो आपली हद्द आखीत असतो. अशा वेळी नसबंदीविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. नर व मादी एकत्र ठेवू नयेत. सुमारे एकतीस दिवसांत पिले होतात.

अंगाची स्वच्छता

ससा आपले अंग स्वतः चाटून साफ ठेवतो. त्यास आंघोळ घालू नये. पाण्याची भीती व अंगात भरणारी थंडी यांनी तो दगावू शकतो. धडपडीत पाठीचा कणाही मोडतो. मळलेला भाग ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. शेपटीखाली घाण चिकटत असेल, तर दोष बहुधा आहारात असतो : मुले लाडाने ज्वारीचे दाणे, बिस्किटे, गाजर देतात आणि गवत मागे पडते. मुख्य आहार गवतच असावा. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग दोन वेळा पाहावा. माश्यांनी तेथे अंडी घातल्यास एका दिवसात अळ्या पडतात. अळ्या दिसल्यास, अथवा अर्धा दिवस खाणे वा लेंड्या बंद झाल्यास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

येथे एक कबुली देणे मला भाग आहे. काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत एका शाळेस भेट दिली असता पांढरेशुभ्र पिलू पाहून मी शेरेपुस्तकात त्याच्या स्वच्छतेची प्रशंसा लिहिली. ते कोपऱ्यात थरथरत होते. मला ते बुजल्यासारखे वाटले. पुढच्या भेटीत पिंजरा रिकामा होता. चौकशी केली तेव्हा तिसरीतील एक मुलगी म्हणाली, "साहेब, तुमी येनार होते म्हनून धुतलं होतं त्याले." त्या मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. भेटीच्या दिवसापुरती स्वच्छता मागणारे आम्ही, ती देणारे तुम्ही. आणि किंमत मोजली त्या मुक्या जिवाने. तेव्हापासून मी पिंजरा पाहतो तो वासावरून व गवतावरून, शुभ्रतेवरून नव्हे.

उपयोजन

फळ्यावर रोजचा तक्ता करावा : पेटीत, पेटीबाहेर, खाणे, पाणी. आठवड्याच्या शेवटी 'पेटीबाहेर'च्या नोंदींचा चित्रालेख मुलांनी काढावा. हीच नोंद सशाच्या प्रकृतीचीही नोंद होते. पिलास मारणे, त्याचे नाक लघवीत घासणे, कान धरून उचलणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. मार खाल्लेला ससा पेटी शिकत नाही. माणसाला भिण्यास तेवढा शिकतो. पहिलीतील एखाद्या मुलाची चड्डी ओली झाली असता आपण काय करतो, हेही या निमित्ताने आपण स्वतःस विचारावे.

ससा घेण्यापूर्वी एक हिशेब मात्र अवश्य करावा. नीट सांभाळलेला ससा आठ वर्षे व त्याहून अधिकही जगतो. पहिलीत आलेले मूल शाळा सोडून जाईल, तरी तो येथेच असेल. रविवार, दिवाळीची सुटी आणि वऱ्हाडातील चैत्र-वैशाखाचे ऊन यांत त्यास कोण पाहील? याचे उत्तर नसेल, तर ससा आणू नये.

याच तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी संत गाडगेबाबांचा जन्म झाला. गावात गेल्यावर बाबा आधी हाती खराटा घेत आणि उपदेश मागून करीत. सशाची पेटी रोज सकाळी कोणी न सांगता बदलणारे एक मूल आपल्या वर्गात तयार झाले, तर हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.