मूल किती हालते, हे मोजायचे कसे?

बालवर्गातल्या मुलाबद्दल आई म्हणते, “दिवसभर धावतो.” बाबा म्हणतात, “छे, टीव्हीपुढेच असतो.” आमच्या मते दोघांचेही खरे. लहान मूल काही सेकंद धावते, बसते, पुन्हा उडी मारते. म्हणून संशोधक मुलाच्या कमरेला हालचाल टिपणारे ॲक्सेलरोमीटर बांधून १५ सेकंदांच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांची नोंद घेतात. मिनिटाच्या सरासरीत ती धाव बुडून जाते. (सायकल चालवणे मात्र या यंत्राला नीट कळत नाही!)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार ३-४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी. त्यांतील निदान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार. पालकांनी घरी दहा मिनिटे, दर १५ सेकंदांनी ‘बसले, चालले, पळाले’ अशी खूण करावी. मधल्या सुट्टीतल्या आमच्या नोंदींशी ती ताडून पाहू.