उतार, पाणी आणि तरंग : कात्रजच्या परिसरातून बल व गती यांची उजळणी



वर्ष संपत आले, की वरच्या वर्गांत विज्ञानाच्या उजळणीस प्रारंभ होतो. ही उजळणी बहुधा व्याख्यांची असते. ‘बल म्हणजे काय ?’ असे विचारताच मुले एका सुरात उत्तर देतात, आणि आपणांस वाटते की धडा तयार झाला. परंतु त्याच मुलांस, ‘अंगणात घरंगळत गेलेला चेंडू थांबतो का ?’ असे विचारून पाहावे. दहांपैकी आठ मुले सांगतील, ‘त्यातले बल संपले म्हणून.’ व्याख्या पाठ आहे, पण समज नेमकी उलटी आहे. ही उलटी समज दूर करणे हेच उजळणीचे खरे काम होय.

याबाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत सातवीस शिकवीत होतो. एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, उतारावर सायकल पायडल न मारता का पळते ?’ तास संपत आला होता. ‘उतार आहे म्हणून,’ एवढेच सांगून मी फळा पुसला. पुढे बऱ्याच वर्षांनी तो विद्यार्थी मला खेड शिवापूरच्या बाजूस एका चहाच्या दुकानात भेटला. तो मालट्रक चालवीत होता. आदराने पाया पडला आणि बोलता बोलता म्हणाला, ‘बोगदा संपला की गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, गुरुजी. उतारच आहे, आपोआप जाते. तेल वाचते.’ ते उत्तर माझेच होते. त्याने फक्त ते जपून ठेवले होते.

हवेली, भोर व पुरंदर तालुक्यांतील आपल्यापैकी अनेकांस कात्रजचा घाट व नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता परिचित आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच उतारावर एका मालट्रकने पुढील अनेक वाहनांस धडक दिली. असे अपघात त्यापूर्वी घडले आणि त्यानंतरही घडले. म्हणून हा पाठ केवळ परीक्षेचा नाही. कात्रजचा उतार, तेथील तलाव आणि डोंगराचा कडा या तीन गोष्टींच्या आधारे बल, गती व तरंग यांची उजळणी कशी घेता येईल, ते क्रमाने पाहू.

१. बल गती देते, की गती बदलते ?

पाटीची एक कड पुस्तकावर टेकवून उतार करावा व त्यावरून एक गोटी सोडावी. खाली प्रथम पोते, मग सतरंजी आणि शेवटी गुळगुळीत फरशी ठेवावी. उतार तोच, गोटी तीच. पण पोत्यावर ती वीतभर जाते, सतरंजीवर हातभर, आणि फरशीवर खोलीच्या टोकापर्यंत. आता मुलांस विचारावे, ‘फरशीहूनही गुळगुळीत, अगदी घर्षण नसलेली जमीन असती तर ?’ मुले स्वतःच म्हणतील, ‘मग गोटी थांबलीच नसती.’ गॅलिलिओने हाच विचार केला, आणि न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला.

यावरून फळ्यावर एकच वाक्य ठळक लिहावे : गती टिकविण्यास बल लागत नाही, गती बदलण्यास बल लागते. चेंडूतले बल संपत नाही. जमिनीचे घर्षणबल त्याची गती कमी करते. वस्तूच्या अंगी असलेली, आहे त्या स्थितीत राहण्याची ही प्रवृत्ती म्हणजेच जडत्व. एस.टी.ने एकदम ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात, ते कोणी ढकलल्यामुळे नव्हे. गाडी थांबते, पण त्यांचे शरीर पूर्वीच्याच वेगाने जाऊ पाहते. घाटातील वळणावर आपण बाहेरच्या बाजूस रेललो असे वाटते, त्याचेही कारण हेच. गाडी वळते, शरीर सरळ जाऊ पाहते.

२. उतारावरची गाडी

उतारावर गुरुत्वीय बलाचा एक भाग वस्तूस उताराच्या दिशेने खाली ओढतो. समजा, वीस मीटर जाता एक मीटर उतरणारा रस्ता आहे. तेथे ही ओढ वस्तूच्या वजनाच्या सुमारे विसाव्या भागाइतकी असते. मालासह वीस टनांचा ट्रक असेल तर एक टन वजनाइतकी ओढ त्यास सतत खाली खेचीत असते. ‘सतत’ या शब्दावर भर द्यावा. सतत बल म्हणजे सतत वाढणारा वेग. गुरुत्वीय त्वरण सेकंदास ९.८ मीटर प्रति सेकंद. त्याचा विसावा भाग ०.४९. कोणताच विरोध नाही असे धरले, तर उभा ट्रक एका मिनिटात ताशी सुमारे १०६ किलोमीटर वेग घेईल. प्रत्यक्षात हवा व चाके यांचा विरोध असल्याने वेग इतका वाढत नाही, पण वाढत मात्र राहतो.

वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर त्या ओढीइतकेच बल उलट दिशेने लावणे भाग आहे. हे काम खालच्या गिअरमधील इंजिन व ब्रेक मिळून करतात. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की इंजिनाचा विरोध नाहीसा होतो व सारा भार एकट्या ब्रेकवर येतो. एक किलोमीटरच्या अशा उतारावर ट्रक सुमारे पन्नास मीटर खाली येतो. त्यातून मोकळी होणारी ऊर्जा सुमारे तीस लिटर थंड पाणी उकळीस आणण्याइतकी आहे. ती बहुतेक सारी ब्रेकमध्येच उष्णता होऊन साठते. ब्रेक तापले, की त्यांची पकड सुटते. कोणी इंजिनच बंद केले, तर हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकना हवा पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. आणि तेल वाचते म्हणावे, तर आजच्या नव्या इंजिनांत गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. म्हणजे धोका पदरी, आणि लाभ नाही.

याच ठिकाणी वरच्या वर्गास एक उदाहरण द्यावे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. ताशी ७२ म्हणजे सेकंदास २० मीटर. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदास ५ मीटर प्रति सेकंद याप्रमाणे कमी होतो असे धरल्यास, पहिली गाडी १० मीटरांत थांबेल. दुसरी वीस मीटरांत थांबेल, असे मुले म्हणतील. उत्तर ४० मीटर येते. वेग दुप्पट, तर थांबण्याचे अंतर चौपट. रस्ता ओलांडणाऱ्या मुलास हे एक गणित दहा सूचनांहून अधिक उपयोगी पडेल.

३. उतारावरचे पाणी

आता त्याच कात्रजचे दुसरे उदाहरण घेऊ. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रज येथे आंबिल ओढ्यावर बांध घालून तलाव करण्यात आला. तेथून जमिनीखालील दगडी बांधणीच्या नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणले गेले. पंप नव्हता, वीज नव्हती. कात्रज उंचावर आणि शहर खाली, एवढ्याच आधारावर हे काम चालले. नळातील हवा बाहेर जावी व आत उतरून पाहता यावे, यासाठी मार्गात ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते.

येथे मुलांस एक प्रश्न घालावा : ट्रकप्रमाणे या पाण्यासही उतार सतत ओढीत होता, मग शहरापर्यंत येता येता त्याचा वेग बेसुमार का वाढला नाही? उत्तर असे, की नळाच्या भिंतींशी होणारे घर्षण पाण्यास मागे रोखीत होते. उतार मंद ठेवला असता ओढ व घर्षण समान होतात आणि पाणी एकाच वेगाने वाहते. बले संतुलित असली तरी वस्तू चालत राहू शकते, हे समजण्यास याहून चांगले उदाहरण नाही. उतार तोच शत्रू आणि तोच सेवक. फरक आहे तो विरोधी बलाचा.

४. तरंगात काय जाते ?

नळातून पाणी स्वतः शहरापर्यंत गेले. तलावात खडा टाकला असता उठणारे तरंगही काठापर्यंत जातात. दोन्हींत फरक कोणता ? हा प्रयोग तलावाच्या काठी न करता शाळेत घमेल्यातच करावा. पाण्यावर एक पान ठेवून मध्ये खडा टाकावा. तरंग काठास लागतो, पान मात्र थोडे वरखाली व पुढेमागे होऊन जवळजवळ जागच्या जागी राहते. तरंगाबरोबर पाणी जात नाही; ऊर्जा जाते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरचा भूकंप पुण्यातही जाणवला; कोयनेची जमीन पुण्यास आली नव्हती, तिचे कंप आले होते.

दोरीचे एक टोक खिडकीस बांधून दुसरे हलविले, की शृंग व गर्त दिसतात. येथे दोरीचे कण तरंगाच्या दिशेशी काटकोनात हलतात, हा अवतरंग. ध्वनीत हवेचे कण तरंगाच्याच दिशेने पुढेमागे होतात, आणि संपीडन व विरलन यांची साखळी पुढे सरकते, हा अनुतरंग. तरंगलांबी, वारंवारता व आयाम या संज्ञा दोरी हातात असतानाच द्याव्यात. हात जलद हलविला की वारंवारता वाढते व तरंगलांबी घटते. हात जास्त लांब हलविला की आयाम वाढतो.

५. कड्यावरून ध्वनीचा वेग

घाटालगतच्या गावांस डोंगराचा कडा हाताशी आहे. इतरांनी उंच भिंत घ्यावी. तेथून ८५ मीटर अंतर मोजून उभे राहावे व टाळी वाजवावी. प्रतिध्वनी ऐकू येताच त्याच क्षणी पुढील टाळी पडेल असा ताल साधावा. पहिल्या टाळीस ‘शून्य’ मोजून विसाव्या टाळीपर्यंतचा वेळ घ्यावा. तो दहा सेकंदांच्या आसपास येईल. ध्वनी दर खेपेस १७० मीटर गेला. वीस खेपांत ३,४०० मीटर. भागिले दहा, म्हणजे सेकंदास ३४० मीटर. पुस्तकातील आकडा मुलांनी स्वतःच्या हातांनी मिळविला, की तो विसरला जात नाही. मात्र यासाठी मुलांस घाटरस्त्यावर किंवा बोगद्यात कदापि नेऊ नये.

उजळणीच्या अखेरीस पुढील प्रश्न विचारावेत व उत्तराबरोबर कारणही मागावे.

(१) सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या सायकलीस पायडल का मारावे लागते ?
(२) पाण्यात पडलेला चेंडू, त्याच्या पलीकडे खडे टाकून तरंगांवर काठास आणता येईल काय ?
(३) उतारावर एकाच वेगाने उतरणाऱ्या गाडीवर कोणकोणती बले कार्य करतात ?
(४) भरलेल्या ट्रकपेक्षा रिकामा ट्रक लवकर का थांबविता येतो ?

मुलाने चुकीचे कारण दिले तरी ते फळ्यावर लिहून घ्यावे. चूक झाकून ठेवली, तर ती त्याच्याबरोबर मोठी होते. आपल्या वर्गात मिळालेली अशी कारणे केंद्राच्या शिक्षण परिषदेत अवश्य मांडावीत. त्यांतून आपणा सर्वांस शिकता येईल.

त्या दिवशी चहाच्या दुकानातील बाकावर, बशीच्या कडेवरून साखरेचा खडा घरंगळत सोडीत, माझ्या विद्यार्थ्यास मी पाऊण तास हे सारे समजावून दिले. त्याने ते शांतपणे ऐकले व शेवटी विचारले, ‘गुरुजी, हे तेव्हाच का नाही सांगितले ?’ आपल्या वर्गातील मुलास हा प्रश्न पुढे कधी विचारावा लागू नये, यासाठी तासातील ती शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत.