इसार देण्याआधी

चि. मुक्ता,


धायरीचा फ्लॅट तुम्हा दोघांना पसंत पडला, मालक ६० लाखांवर आला आणि रविवारी इसार द्यायचं ठरतंय, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण इसार देण्याआधी हे पत्र सुयोगरावांना बरोबर घेऊन वाच. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करताना मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, की किमतीवर महिनाभर घासाघीस करणारी माणसं वरखर्चाचा हिशेब सहीच्या आदल्या दिवशी मांडतात आणि मग दागिने गहाण टाकायला धावतात.

तुमच्या एवढ्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देते. ती किंमत धरताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात मिळवायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे बँकेचे ४८ लाख, तुमचे १२ लाख, आणि वरचा सगळा खर्चही तुमच्याच खिशातून.

तो खर्च असा. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. एजंटाने १ टक्का मागितला तर ६० हजार. शिवाय वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, गहाणाच्या कागदाचा मुद्रांक आणि सोसायटीची ट्रान्सफर फी. साडेपाच लाखांच्या पुढेच आकडा जाईल. रीसेलचं घर असल्यामुळे जीएसटी नाही, ही जमेची बाजू. व्यवहार ५० लाखांच्या वरचा असल्याने १ टक्का टीडीएस मालकाच्या पैशांतून कापून सरकारकडे भरायचा असतो. तो तुमचा खर्च नव्हे, पण कापायला विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी.

आता कपात कुठे करायची? फ्लॅट फक्त तुझ्या नावावर घेतलास तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ६० हजार वाचतात. सुयोगरावांचं नाव जोडलं की सवलत गेली. पण हप्ता तेही भरणार असतील आणि जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट घेणार असतील, तर मालकीत त्यांचं नाव लागतं. दोन्ही बाजूंचे आकडे मांडा, मगच ठरवा.

शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर धायरीचा दर आधी पाहून घे. काही रक्कम रोखीने देऊन कागदावर किंमत कमी दाखवा, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. तो गुन्हा आहेच, शिवाय कर्ज कागदावरच्या किमतीवरच मिळतं आणि पुढे विकताना नफा फुगून कर वाढतो.

सोसायटी 'विकास निधी' म्हणून लाख-दोन लाख मागेल. महापालिका क्षेत्रात हस्तांतरणाचं अधिमूल्य २५ हजारांच्या वर घेता येत नाही आणि देणगीच्या नावाखालीही ते वाढवता येत नाही, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे. सेक्रेटरींशी नम्रपणे बोल, पण बोलणं लेखी ठेव.

बँकेत सहीच्या वेळी विम्याचा कागद पुढे सरकवतात. १ लाखाचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला, तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत तुम्ही त्यापोटी २ लाखांहून जास्त भरता. विमा जरूर घ्या, पण साधा टर्म विमा, स्वतंत्रपणे आणि दर ताडून पाहून. कर्जासाठी बँकेचाच विमा घेण्याची सक्ती नसते. बँकेकडून 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागून घे. ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळ्या फीसह कर्जाचा खरा वार्षिक दर दिलेला असतो. दोन बँकांची ही पत्रकं शेजारी ठेवलीस की प्रोसेसिंग फी कमी करा म्हणायला जोर येतो. एजंटाची टक्केवारीही आजच ठरव, ताबा मिळाल्यावर नव्हे.

एका खर्चाला मात्र कात्री लावू नकोस. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घे. बँकेचा वकील बँकेचं हित पाहतो, तुझ्यासाठी तुझाच वकील हवा. मूळ करार, सूची क्रमांक २, शेअर सर्टिफिकेट आणि मालकाचं जुनं कर्ज फिटल्याचा दाखला त्याच्या हाती दे. मेंटेनन्स, मिळकत कर आणि वीजबिलाची थकबाकी मालकाने फेडायची, आणि कर्ज नामंजूर झालं तर इसार परत मिळायचा, ही दोन वाक्यं इसारपावतीत घालायला लाव. आज ती फुकट लिहून मिळतात. पैसे हातातून गेल्यावर त्यांच्यासाठी भांडावं लागतं.

घर घ्या, नक्की घ्या. पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राहतील एवढं पाहूनच घ्या. गृहप्रवेशाच्या दिवशी खातं रिकामं असलं की पहिल्याच आजारपणात हप्ता चुकतो. शनिवारपर्यंत सगळे आकडे एका कागदावर मांडून मला पाठव. तुमच्या खिशातून जाणाऱ्या रकमेची बेरीज १८ लाखांत बसत असेल, तर रविवारी इसाराला मीही येतो. बसत नसेल, तर मालकाकडे १५ दिवस मागून घेऊ.

सुयोगरावांना आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा