जखमेतील वीज आणि विजेची पट्टी

वीज म्हटली की आपल्या सुरतेत लूम, कारखाने आणि दिव्यांच्या तारा आठवतात. परंतु आपल्या कातडीतही थोडी वीज असते. १८४३ साली बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमाँ ह्या शास्त्रज्ञाने आपल्याच बोटाला चीर पाडून जखमेतून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजला. तो अँपियरचा जेमतेम दहा लाखावा भाग होता.

हे कसे घडते? कातडीच्या पेशी सोडियमचे कण सतत आत ओढीत असतात. त्यामुळे कातडीची आतील बाजू धन व बाहेरील बाजू ऋण राहते. कातडी फाटली की त्या ठिकाणी प्रवाहाला वाट मिळते आणि तो जखमेकडे वाहू लागतो. कडेच्या पेशी त्याच दिशेने सरकत जखम झाकून टाकतात. प्रवाह हा जणू त्यांचा वाटाड्या होय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत वृद्धांच्या जखमेतील हा जोर तरुणांच्या सुमारे निम्माच आढळला.

ही उणीव बाहेरून भरून काढण्यासाठी अंगावर बांधावयाच्या विजेच्या पट्ट्या तयार होत आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पट्टीने उंदरांच्या जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. २०२४ मध्ये अमेरिकेतीलच नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात पाण्याच्या थेंबाने चालू होणाऱ्या बॅटरीची पट्टी झाली. मधुमेही उंदरांत तिचा लाभ सुमारे ३० टक्के दिसला. मात्र उंदराची कातडी आणि माणसाची कातडी एक नव्हे, हे ध्यानात ठेवावे. घरच्या विजेचे किंवा बाजारातील यंत्राचे प्रयोग तर जखमेवर कोणीही करू नयेत.

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न पायाचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. लिंबायत-उधन्याकडे लूमवर तासन्‌तास उभे राहणाऱ्या आपल्या बांधवांपैकी ज्यांना हा विकार आहे, त्यांच्या तळव्याची संवेदना हळूहळू जाते. खिळा रुतला तरी कळत नाही. चालतच राहिल्याने जखम चिघळते आणि अखेर पाय कापण्याची पाळी येते. अशा पायावरचा भार उतरवला नाही आणि रक्तातील साखर आटोक्यात आणली नाही, तर कोणत्याही पट्टीचा उपयोग मर्यादितच राहणार.

म्हणून रोज तळवे पाहावेत. वजू करताना आपण पाय धुतोच. तेव्हा बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात व नीट पुसाव्यात. डोळ्यांना दिसत नसेल तर घरच्या मुलाला पाहावयास सांगावे. फोड किंवा चीर दिसल्यास तीत चुना, तंबाखू भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. त्यासाठी एक रोज बुडाला तरी चालेल, कारण पाय शाबूत राहिला तरच पुढचे सारे रोज मिळतील.