नक्षी, नकाशा आणि नक्षा

'नक्षी' या शब्दातला 'क्ष' बघून तो अस्सल संस्कृत वाटतो. पण 'क्ष' तर 'रिक्षा'तही आहे आणि ती आली जपानी भाषेतून! नक्षीचं मूळ अरबी 'नक्श'. तो फारसीमार्फत आपल्याकडे आला. नक्श म्हणजे कोरलेली किंवा रेखाटलेली आकृती. इराणमध्ये पर्सेपोलिसजवळ कड्यात कोरलेली प्राचीन शिल्पं आहेत, त्या जागेचं नावच नक्श-ए-रुस्तम.

'नकाशा' त्याच मुळाचा. म्हणजे आजीच्या पितळी डब्यावरची नक्षी आणि ड्रॉइंग हॉलमध्ये रात्र जागून काढलेला घराचा नकाशा ही भावंडंच. तिसरं भावंड 'नक्षा'. एखाद्याचा नक्षा उतरवणे म्हणजे तोरा उतरवणे. (व्हायव्हाला भल्याभल्यांचा उतरतो.) नक्षत्राशी मात्र यांचं नातं नाही. नक्षलवादाशी तर नाहीच. तो शब्द १९६७ च्या उठावानंतर पश्चिम बंगालमधल्या नक्षलबाडी गावावरून आला.

आता वापर. लाकूड, दगड, धातू यांवर कोरून किंवा ठोकून उठवलं ते नक्षीकाम. कापडावर सुईदोऱ्याने केलं तर भरतकाम किंवा कशिदा. पानाफुलांची आकृती ती वेलबुट्टी. पैठणीच्या पदरावरचे मोर विणतानाच निघतात, म्हणून त्यांना भरतकाम म्हणू नये, नक्षी चालेल. 'कलाकुसर' यापेक्षा मोठा शब्द, त्यात कारागिराचं कसबही आलं.

पण नक्षी म्हटलं की 'शोभेपुरतं, नसलं तरी चालेल' हा अर्थ डोक्यात येतोच, आणि आपल्या वर्कशॉपमध्ये गडबड होते ती इथे. लेथवर नर्लिंग करतो, म्हणजे कडक रोलर दाबून दांड्यावर तिरप्या चौकटी उठवतो. जर्नलमध्ये कुणी त्याला सरळ 'नक्षी' लिहितो. मग वेळ कमी पडला की तीच पायरी आधी गाळली जाते. तेलकट हाताने गुळगुळीत दांडा फिरवून बघा, घसरतो की नाही! मायक्रोमीटरच्या थिंबलवर, जिममधल्या बारवर त्या चौकटी पकडीसाठी असतात. तेव्हा जर्नलमध्ये 'पकडीसाठी खरखरीत केलेला भाग' असं साधं लिहावं, हे माझं मत.

नाण्याच्या कडेच्या रेघाही अशाच. सोन्याचांदीची नाणी होती तेव्हा कड कातरून धातू चोरणारे लगेच सापडावेत म्हणून त्या पाडत. दिसायला नक्षी, काम पहारेकऱ्याचं.