दुःख बोलावे की गिळावे?

"पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?" असे आपण पोराला ऐकवतो. पोर डोळे पुसते आणि शिकते, की दुःख दाखवणे म्हणजे कमीपणा. हे कोणी जन्मतः आणत नाही. चालीरीतीने अंगी लागते.

बायकांची रीत निराळी होती. पहाटे जात्यावर बसले, की सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण, सारे ओवीत निघे. दळण होई आणि मनही हलके होई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायांकडून गोळा केल्या. पुढे पिठाची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले ते बरेच झाले, पण बोलायची जागा गेली.

गड्याला तशी जागा नव्हतीच. भजनात बसतो खरा, पण तिथे घरचं कोण काढतो? पीक बुडालं, कर्ज झालं, तरी पारावर म्हणतो, "बरं चाललंय." आम्हाला या "बरं चाललंय"ची धास्ती वाटते. असा माणूस जेवेना, झोपेना झाला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. घरच्यांपाशी तोंड उघडत नसेल, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेला १४४१६ हा फोन आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.